रोगवर्गीकरणाच्या बदलत्या आवृत्त्या आणि मृत्यूकारणांची आकडेवारी : कोयना परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

मृत्यूच्या कारणांची आकडेवारी आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या आधारे तयार होते. या वर्गीकरणाच्या आवृत्त्या ठरावीक काळाने बदलतात. आवृत्ती बदलली की वर्ग फुटतात, एकत्र येतात, एका प्रकरणातून दुसऱ्या प्रकरणात जातात; कधी वर्ग तसाच राहून त्याचा अर्थ बदलतो. त्यामुळे प्रत्यक्षात रोगमानात फरक पडला नसतानाही आकडे वर किंवा खाली जातात. प्रस्तुत लेखात कोयना खोऱ्यातील भूकंप, दरडी आणि विषारी दंश यांच्या उदाहरणांतून या बदलांचे स्वरूप स्पष्ट केले असून, अशी आकडेवारी वापरणाऱ्या अध्यापकांनी कोणती दक्षता घ्यावी, याची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : रोगवर्गीकरण, संकेतांक, मूळ कारण, तुलनीयता, कोयनानगर

१. प्रस्तावना

महाविद्यालयांतून समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि गृहविज्ञान या विषयांच्या प्रकल्पांत आरोग्यविषयक आकडेवारीचा उपयोग आता नित्याचा झाला आहे. जिल्ह्याची वीस-तीस वर्षांची मृत्यूकारणे घ्यावयाची, त्यांचा आलेख काढावयाचा आणि चढ-उतारांची सामाजिक कारणे शोधावयाची, अशी त्याची सर्वसाधारण पद्धत असते. या पद्धतीत एक गृहीतक दडलेले असते. ते असे की, तक्त्यातील रोगाचे नाव पहिल्या वर्षी जे दर्शवीत होते तेच शेवटच्या वर्षीही दर्शविते. हे गृहीतक अनेकदा खरे नसते.

आकडा वाढला किंवा घटला तर त्याची तीन कारणे संभवतात. पहिले, रोग खरोखर वाढला किंवा घटला. दुसरे, मृत्यूचे कारण नोंदविण्याची आणि प्रमाणित करण्याची रीत बदलली. तिसरे, नोंदलेले कारण ज्या वर्गात टाकले जाते तो वर्गच बदलला. पहिल्या कारणाकडे सर्वांचे लक्ष जाते, दुसऱ्याकडे काहींचे. तिसरे मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यत्वे हे तिसरे कारण आहे.

कोयनानगर आणि पाटण तालुक्याचा परिसर या विषयाच्या विवेचनाला विशेष उपयुक्त आहे. भूकंप, दरडी कोसळणे, अतिवृष्टी आणि विषारी दंश ही येथील मृत्यूंची अशी कारणे आहेत की, ज्यांच्या वर्गीकरणात गेल्या साठ वर्षांत मूलगामी फेरफार झाले आहेत.

२. वर्गीकरणाचे स्वरूप

आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण, ज्याला व्यवहारात आयसीडी म्हणतात, हा रोगांचा कोश नव्हे. कोशात प्रत्येक नावाला स्वतंत्र जागा असते. वर्गीकरणात मात्र असंख्य नावे मर्यादित वर्गांत बसवावयाची असतात आणि प्रत्येक नावाला एक आणि एकच वर्ग मिळावा, असा दंडक असतो. कोणती नावे एकत्र ठेवावयाची आणि कोणती वेगळी काढावयाची, हा निर्णय वैद्यकशास्त्राइतकाच उपयोगितेचाही असतो. ज्या कारणाने पुष्कळ माणसे दगावतात किंवा ज्यावर स्वतंत्र उपाययोजना करावयाची असते, त्याला स्वतंत्र वर्ग मिळतो.

प्रत्येक वर्गाला एक संकेतांक असतो. पटकीचे उदाहरण घेतले तर नवव्या आवृत्तीत तिचा संकेतांक ००१ होता, दहाव्या आवृत्तीत तो ए ०० झाला आणि अकराव्या आवृत्तीत १ए०० आहे. येथे केवळ चिन्ह बदलले, आशय बदलला नाही. असे बदल निरुपद्रवी होत. अडचण निर्माण होते ती चिन्हाबरोबर आशयही बदलतो तेव्हा. आणि चिन्ह कायम राहून आशय बदलतो तेव्हा तर अधिकच.

मृत्यूच्या आकडेवारीसाठी आणखी एक संकल्पना समजून घेणे अगत्याचे आहे. एका मृत्यूमागे अनेक कारणांची साखळी असते. परंतु तक्त्यात एका मृत्यूची गणना एकदाच होते. म्हणून ज्या रोगापासून किंवा इजेपासून ही साखळी सुरू झाली, ते ‘मूळ कारण’ निवडले जाते. अपघात, हिंसा किंवा नैसर्गिक आपत्ती यांत इजेचे स्वरूप हे मूळ कारण न मानता ज्या परिस्थितीत इजा झाली ती परिस्थिती मूळ कारण मानतात. समजा, भूकंपात घर कोसळून एका वृद्धेचे खुब्याचे हाड मोडले, ती अंथरुणाला खिळली आणि काही दिवसांनी न्यूमोनियाने मरण पावली. तिच्या मृत्यूचे तात्कालिक कारण न्यूमोनिया असले तरी मूळ कारण भूकंप होय. ही निवड कशी करावयाची याचे नियम वर्गीकरणातच दिलेले असतात, आणि आवृत्तीबरोबर हे नियमही बदलतात.

३. आवृत्त्यांचा संक्षिप्त इतिहास

फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी तयार केलेली मृत्यूकारणांची सूची १८९३ साली शिकागो येथे आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेच्या अधिवेशनात स्वीकारली गेली. १९०० साली पॅरिस येथे तिची पहिली आंतरराष्ट्रीय सुधारणा परिषद झाली. त्यानंतर साधारणतः दर दहा वर्षांनी नवी आवृत्ती काढण्याचा प्रघात पडला. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि केवळ मृत्यूकारणांची असलेली ही सूची आजारांचीही झाली. सातवी आवृत्ती १९५५ च्या, आठवी १९६५ च्या आणि नववी १९७५ च्या परिषदेत संमत झाली. दहाव्या आवृत्तीला मे १९९० मध्ये जागतिक आरोग्य सभेने मान्यता दिली. अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली.

येथे दोन बाबी ध्यानात ठेवावयास हव्यात. एक म्हणजे परिषदेत संमत होण्याचे वर्ष, अमलात येण्याचे वर्ष आणि एखाद्या देशाने ती प्रत्यक्ष वापरण्यास आरंभ केल्याचे वर्ष ही तीन वेगळी वर्षे असतात. अमेरिकेने मृत्यूंच्या नोंदीसाठी दहावी आवृत्ती १९९९ पासून वापरली. परंतु रुग्णालयीन निदानासाठी तिचे विस्तारित रूप तेथे १ ऑक्टोबर २०१५ रोजी लागू झाले. दुसरी बाब अशी की, एकाच आवृत्तीच्या पोटातही वेळोवेळी अद्ययावतीकरण होत असते. ‘दहावी आवृत्ती’ एवढे लिहिल्याने १९९० च्या दशकातील मूळ ग्रंथ अभिप्रेत आहे की २०१९ चे सुधारित रूप, हे कळत नाही.

४. कोयना खोऱ्यातील आपत्ती : वर्गीकरणाच्या चौकटीतून

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात भूकंप झाला. त्यात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि दोन हजारांहून अधिक जखमी झाली. धरणाच्या जलाशयाशी निगडित भूकंपाचे उदाहरण म्हणून त्याचा जगभर अभ्यास झाला आहे. रोगवर्गीकरणाच्या दृष्टीनेही त्याचा काळ लक्षणीय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांप्रमाणे आठवी आवृत्ती १ जानेवारी १९६८ पासून अमलात आली. म्हणजे हा भूकंप सातव्या आवृत्तीच्या अखेरच्या तीन आठवड्यांत झाला. भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा तर त्यानंतर, १९६९ साली झाला.

सातव्या आणि आठव्या या दोन्ही आवृत्त्यांत निसर्गाच्या प्रकोपाने होणाऱ्या मृत्यूंसाठी एक व्यापक वर्ग होता. त्याला मराठीत ‘महाआपत्ती’ म्हणता येईल. वादळ, पूर आणि भूकंप यांचे बळी त्या एकाच वर्गात मोजले जात. या आवृत्त्यांनुसार तयार झालेला वर्गनिहाय तक्ता पाहून एखाद्या प्रदेशातील माणसे महापुराने गेली की भूकंपाने, हे सांगता येत नाही.

नवव्या आवृत्तीत या वर्गाचे दोन भाग झाले. वादळे आणि त्यांमुळे आलेले पूर ई ९०८ मध्ये, तर भूपृष्ठाच्या हालचाली आणि ज्वालामुखीचे उद्रेक ई ९०९ मध्ये गेले. भूकंप, दरड कोसळणे, चिखलाचे लोट, ज्वालामुखी आणि धरण फुटणे या सर्वांचा समावेश ई ९०९ मध्ये होता. याचा एक परिणाम विलक्षण आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात जो पूर आला, तशा घटनेतील मृत्यू या आवृत्तीत पुराच्या वर्गात न जाता भूकंपाच्या शेजारी जाऊन बसतात. वर्गीकरण हे लोकभाषेतील समजुतीनुसार चालत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दहाव्या आवृत्तीत ही गाठ सुटली. भूकंपाचे बळी एक्स ३४, ज्वालामुखीचे एक्स ३५, हिमकडे व दरडी यांचे एक्स ३६, वादळाचे एक्स ३७ आणि पुराचे एक्स ३८ असे स्वतंत्र वर्ग झाले. डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतर एक्स ३४ चे पोटवर्ग पाडण्यात आले आणि प्रत्यक्ष भूकंपाचे बळी व त्सुनामीचे बळी वेगळे दाखविण्याची सोय झाली.

तक्ता क्र. १ : नैसर्गिक आपत्तींतील मृत्यूंचा वर्ग

सातवी व आठवी आवृत्ती — भूकंप, वादळ आणि पूर एकाच वर्गात.
नववी आवृत्ती — भूकंप आणि दरड एकत्र (ई ९०९); वादळ व त्यामुळे येणारा पूर वेगळा (ई ९०८).
दहावी आवृत्ती — भूकंप (एक्स ३४), दरड (एक्स ३६), वादळ (एक्स ३७) आणि पूर (एक्स ३८) सर्व स्वतंत्र.

या बदलाचे महत्त्व पाटण तालुक्यात सहज कळते. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत याच तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली. समजा, एखाद्या संशोधकाने या तालुक्यातील आपत्तींतील मृत्यूंची दीर्घकालीन मालिका तयार केली आणि ती नवव्या आवृत्तीच्या तीन-अंकी वर्गांनुसार मांडली. तिच्यात १९६७ चे भूकंपबळी आणि २०२१ चे दरडबळी एकाच स्तंभात येतील. दहाव्या आवृत्तीनुसार ते दोन स्तंभांत पडतील. मृत्यू तेच, गावे तीच. तथापि पहिल्या मालिकेवरून ‘या भागाला भूहालचालींचा सतत धोका आहे’ असा एक ढोबळ निष्कर्ष निघेल, तर दुसरीवरून भूकंपरोधक घरबांधणी आणि डोंगरउतारावरील वस्त्यांचे पुनर्वसन हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे स्पष्ट होईल. शासनाचा निधी आणि उपाययोजना कोणत्या प्रश्नाकडे वळवावयाच्या, हे अशा स्तंभांवरून ठरत असते. म्हणून ही बाब केवळ तांत्रिक नाही.

त्याचबरोबर वर्गीकरणाची मर्यादाही ओळखली पाहिजे. कोयनेचा भूकंप जलाशयामुळे उद्भवला की नाही, या वैज्ञानिक प्रश्नाचे उत्तर संकेतांकात शोधणे व्यर्थ आहे. वर्गीकरण मृत्यूची परिस्थिती नोंदविते. भूकंपाचे कारण नोंदवीत नाही.

५. बदलांचे प्रकार

आवृत्त्यांमधील बदल वरवर असंख्य वाटले तरी ते पुढील पाच प्रकारांत मांडता येतात.

(अ) वर्गाचे विभाजन : आपत्तींचे उदाहरण वर आलेच आहे. सह्याद्रीच्या परिसराला जवळचे दुसरे उदाहरण विषारी दंशांचे. नवव्या आवृत्तीत विषारी प्राण्यांमुळे होणाऱ्या इजांचा ई ९०५ हा एकच तीन-अंकी वर्ग होता. सर्पदंश, विंचूदंश आणि गांधीलमाशांचा डंख यांतील भेद चौथ्या अंकावरून कळे. तक्ता तीन अंकांपर्यंतच छापलेला असेल तर हा भेद लुप्त होई. दहाव्या आवृत्तीत साप व विषारी सरडे एक्स २०, विंचू एक्स २२ आणि गांधीलमाशी व मधमाशी एक्स २३ असे स्वतंत्र तीन-अंकी वर्ग आहेत. सर्पदंशावर प्रतिविष लागते. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाची उपयुक्तता महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील रुग्णांवरील अभ्यासातून दाखवून दिली. ज्यांचे उपचार इतके भिन्न त्यांची गणना एकत्र झाली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कशाचा साठा किती ठेवावा, याचा अंदाज तक्त्यावरून बांधता येत नाही.

(आ) वर्गाचे स्थलांतर : येथे वर्ग तोच राहतो, परंतु तो ज्या प्रकरणात आहे ते प्रकरण बदलते. मेंदूतील रक्तस्राव किंवा गुठळी यांमुळे होणारा पक्षाघात सातव्या आवृत्तीत मज्जासंस्थेच्या विकारांत मोडत होता. आठव्या आवृत्तीत तो रक्ताभिसरण संस्थेच्या विकारांत गेला. अकराव्या आवृत्तीत तो पुन्हा मज्जासंस्थेच्या विकारांत परतला आहे. पक्षाघाताच्या मृत्यूंची संख्या मोठी असते. साहजिकच, केवळ प्रकरणनिहाय बेरजा पाहणाऱ्याला १९६८ च्या सुमारास रक्ताभिसरणाचे विकार एकाएकी वाढल्याचे आणि अकरावी आवृत्ती लागू होताच ते एकाएकी घटल्याचे दिसेल. प्रत्यक्षात दोन्ही वेळा घडलेले असते ते केवळ स्थलांतर.

(इ) व्याख्येतील बदल : नवव्या आवृत्तीत हृदयविकाराचा झटका आल्यापासून आठ आठवड्यांपर्यंत तो ‘तीव्र’ मानला जाई, दहाव्या आवृत्तीत ही मुदत चार आठवडे झाली. नाव तेच, मर्यादा मात्र निम्मी. डेंग्यूचे उदाहरणही असेच आहे. दहाव्या आवृत्तीच्या मूळ रूपात डेंग्यू ताप ए ९० आणि रक्तस्रावी डेंग्यू ए ९१ असे दोन वर्ग होते. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने धोक्याची लक्षणे आहेत की नाहीत आणि आजार तीव्र आहे की नाही, या निकषांवर डेंग्यूची नवी विभागणी केली. तिला अनुसरून दहाव्या आवृत्तीतच पुढे ए ९७ हा वर्ग आला आणि अकराव्या आवृत्तीत त्याचे १डी२०, १डी२१ व १डी२२ असे वर्ग झाले. जुना ‘रक्तस्रावी’ आणि नवा ‘तीव्र’ हे समानार्थी शब्द नव्हेत. त्यामुळे एकाचे आकडे संपतात तेथून दुसऱ्याचे आकडे जोडून सलग रेषा काढणे चुकीचे ठरते.

(ई) नवे वर्ग आणि वगळलेले वर्ग : नववी आवृत्ती १९७५ ची, एड्सची ओळख पटली १९८१ साली. त्यामुळे मूळ नवव्या आवृत्तीत त्याला जागा असणे शक्यच नव्हते. दहाव्या आवृत्तीत एचआयव्हीजन्य रोगांना बी २० ते बी २४ असे वर्ग मिळाले. कोविडच्या वेळी तर आवृत्ती बदलण्याची वाट पाहणे अशक्य होते. म्हणून २०२० मध्ये तातडीच्या तरतुदीतून यू ०७.१ आणि यू ०७.२ हे संकेतांक देण्यात आले. विषाणू चाचणीत आढळला असेल तर पहिला आणि चाचणीत सिद्ध न होता लक्षणांवरून निदान झाले असेल तर दुसरा. कोविडच्या मृत्यूंच्या आकड्यांविषयी जे वाद झाले त्यांतील काही या दोन संकेतांकांची बेरीज करावयाची की नाही, या प्रश्नाशी निगडित होते. याउलट समलैंगिकता हा नवव्या आवृत्तीतील मानसिक विकारांचा एक वर्ग दहाव्या आवृत्तीत वगळण्यात आला. येथे बदलले ते रोगाचे प्रमाण नसून रोग कशाला म्हणावे, याविषयीची भूमिका होय.

(उ) निवडीच्या नियमांतील बदल : हा प्रकार सर्वांत सूक्ष्म आणि म्हणूनच सर्वांत फसवा आहे. यात वर्ग, नाव, व्याख्या काहीच बदलत नाही. मूळ कारण निवडण्याचा नियम तेवढा बदलतो. न्यूमोनिया हा पुष्कळदा दुसऱ्या आजाराचा अखेरचा टप्पा असतो. तो कोणत्या परिस्थितीत अन्य आजाराचा परिणाम मानावयाचा, यासंबंधीचा नियम दहाव्या आवृत्तीत अधिक व्यापक झाला. परिणामी, पूर्वी न्यूमोनियाच्या खाती जमा होणारे अनेक मृत्यू मूळ आजाराच्या खाती गेले. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर आवृत्ती न बदलता केवळ या नियमाच्या अर्थनिर्णयामुळे १९८४ साली न्यूमोनियाचे मृत्यू एकदम घटले आणि १९९३ साली जुना अर्थ पुन्हा स्वीकारताच ते वाढले.

६. तुलनीयता कशी मोजतात?

दोन आवृत्त्यांच्या आकड्यांची सांगड घालण्यासाठी एक सोपी परंतु कष्टाची पद्धत आहे. एकाच वर्षातील त्याच मृत्यूंना दोन्ही आवृत्त्यांनुसार स्वतंत्रपणे संकेतांक द्यावयाचे. नंतर नव्या आवृत्तीनुसार एखाद्या कारणाने झालेल्या मृत्यूंच्या संख्येला जुन्या आवृत्तीनुसार आलेल्या संख्येने भागावयाचे. या भागाकाराला तुलनीयता गुणोत्तर म्हणतात. ते १ आले तर बदलाचा निव्वळ परिणाम नाही; १ पेक्षा कमी आले तर नव्या आवृत्तीत तो वर्ग आकसला आणि अधिक आले तर तो फुगला, असे समजावयाचे.

अमेरिकेने १९९६ मधील मृत्यूंना नवव्या आणि दहाव्या अशा दोन्ही आवृत्त्यांनुसार संकेतांक देऊन २००१ साली प्राथमिक गुणोत्तरे प्रसिद्ध केली. इन्फ्लुएंझा व न्यूमोनियाचे गुणोत्तर ०.६९८२ आले. म्हणजे जुन्या पद्धतीने जेथे १०० मृत्यू मोजले जात, तेथे नव्या पद्धतीने सुमारे ७० मोजले गेले. अल्झायमर रोगाचे गुणोत्तर १.५५३६ आले, १०० च्या जागी सुमारे १५५. हृदयविकारांचे मात्र ०.९८५८, म्हणजे जवळपास पूर्ववत. हे मृत्यू एकाच वर्षातले आणि त्याच माणसांचे असल्यामुळे सर्व फरक वर्गीकरणाचा आहे, यात शंका उरत नाही. ही माहिती नसलेल्या अभ्यासकाने अमेरिकेतील १९९८ आणि १९९९ ची तुलना केली, तर न्यूमोनियावर मोठा विजय मिळाल्याचा निष्कर्ष तो काढील.

अशी गुणोत्तरे त्या त्या देशातील प्रमाणपत्रे लिहिण्याच्या रीतीवर अवलंबून असतात. म्हणून एका देशाचे गुणोत्तर दुसऱ्या देशाच्या आकड्यांना सरसकट लावता येत नाही. त्यांचा उपयोग बदलाची दिशा आणि कोणते वर्ग अधिक अस्थिर आहेत, हे ओळखण्यासाठी करावयाचा असतो. आवृत्त्यांमधील संकेतांकांच्या जुळणीचे जे तक्ते मिळतात, त्यांनाही ही मर्यादा आहे. जुन्या एका संकेतांकासमोर नवे अनेक संकेतांक असतील, तर कोणते मृत्यू कोणाकडे गेले हे तक्ता सांगू शकत नाही; त्यासाठी मूळ प्रमाणपत्रच पाहावे लागते.

७. भारतीय संदर्भ

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यूकारणाच्या वैद्यकीय प्रमाणनाची योजना चालते. रुग्णालयात झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि अन्यत्र झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४ अ डॉक्टर भरतात. तात्कालिक कारण, त्यामागील कारण आणि सर्वांत खालच्या ओळीत मूळ कारण अशी त्याची रचना असते. या योजनेची आकडेवारी दहाव्या आवृत्तीवर आधारलेल्या राष्ट्रीय सूचीनुसार प्रसिद्ध होत आली आहे. परंतु २०२० साली देशातील एकूण नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. डोंगराळ वाडीवस्तीवर घरी झालेला मृत्यू बहुधा उरलेल्या भागात असतो.

ग्रामीण भागासाठी १९६० च्या दशकाच्या मध्यापासून वेगळी पाहणी सुरू झाली होती. तीत आरोग्य कर्मचारी मृताच्या कुटुंबीयांना विचारून कारण नोंदवीत. या पाहणीत ‘म्हातारपण’ हा एक मोठा वर्ग असे. पुढे ही पाहणी नमुना नोंदणी पद्धतीत विलीन झाली आणि कुटुंबीयांकडून घेतलेल्या सविस्तर वृत्तान्तावरून डॉक्टरांनी दहाव्या आवृत्तीचे संकेतांक ठरविण्याची पद्धत आली. या पद्धतीचे फलित सर्पदंशाच्या बाबतीत डोळ्यांत भरण्यासारखे आहे. तिच्या आधारे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २००५ मधील भारतातील सर्पदंशाचे मृत्यू सुमारे ४५,९०० असल्याचा अंदाज दिला. रुग्णालयीन नोंदींवरून दिसणाऱ्या संख्येपेक्षा तो कितीतरी पटींनी अधिक होता. साप वाढले नव्हते. मोजण्याची पद्धत सुधारली होती.

यावरून असे म्हणता येईल की, आपल्याकडील कालक्रमिक मालिकेत आवृत्ती, प्रमाणनाचे क्षेत्र आणि माहिती घेण्याची रीत हे तीनही घटक एकाच वेळी बदलत असतात. २०२३ च्या दुरुस्तीने वैद्यकीय संस्थांवर मृत्यूकारणाचे प्रमाणपत्र देण्याचे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला पुरविण्याचे बंधन अधिक स्पष्ट केले आहे. प्रमाणन जसजसे वाढेल तसतसे काही रोग ‘वाढल्याचे’ दिसतील. ती वाढ कशाची आहे, हे तपासावे लागेल.

८. अकराव्या आवृत्तीचे वेगळेपण

अकरावी आवृत्ती ही दहावीचे केवळ विस्तारित रूप नाही. ती मुळातच संगणकासाठी रचलेली आहे. तिच्यात एका मूळ संकेतांकाला दुसरे संकेतांक जोडून निदानाचे तपशील व्यक्त करता येतात. पूर्वी ज्यासाठी स्वतंत्र वर्ग निर्माण करावा लागे, ते आता जोडणीने साधते. यामुळे लवचीकता वाढली; पण तपशील जोडावयाचे की नाहीत, हे नोंदविणाऱ्यावर अवलंबून राहिल्याने दोन संस्थांच्या नोंदींत भेद पडण्याचा संभवही वाढला.

भारतीयांच्या दृष्टीने आणखी एक बदल महत्त्वाचा आहे. या आवृत्तीत पारंपरिक वैद्यकाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांतील निदानांचा विभाग जागतिक आरोग्य संघटनेने १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे सादर केला. हे संकेतांक मृत्यूचे मूळ कारण ठरविण्यासाठी नसून रुग्णसेवेच्या नोंदीसाठी आहेत. तरीही आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील नोंदी प्रथमच आंतरराष्ट्रीय चौकटीत मोजता येण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली आहे.

९. अध्यापकांनी घ्यावयाची दक्षता

वरील विवेचनाच्या आधारे प्रकल्प-मार्गदर्शन करणाऱ्या अध्यापकांसाठी काही व्यवहार्य सूचना करता येतील.

१) मृत्यूकारणांच्या प्रत्येक तक्त्याखाली वर्गीकरणाची आवृत्ती आणि शक्य असल्यास अद्ययावतीकरणाचे वर्ष लिहावे. मालिकेत आवृत्ती बदलली असेल तर आलेखात त्या वर्षी उभी तुटक रेघ द्यावी.

२) आकड्यात एकाच वर्षात मोठी उडी किंवा घसरण दिसली, तर सामाजिक स्पष्टीकरणापूर्वी ते वर्ष आवृत्तीबदलाचे आहे का, हे पाहावे. रोगमान सहसा हळूहळू बदलते. वर्गीकरण एका दिवसात बदलते.

३) एखाद्या कारणाचे आकडे घटले असतील तर शेजारच्या वर्गांचे आकडे वाढले आहेत का, ते तपासावे. दोहोंची बेरीज स्थिर असेल तर बहुधा स्थलांतर झालेले असते.

४) दीर्घ कालखंडाची तुलना करावयाची असल्यास वर्ग इतके व्यापक घ्यावेत की, सर्व आवृत्त्यांत ते एकच राहतील. कोयना परिसरासाठी ‘नैसर्गिक आपत्ती’ हा एकत्रित वर्ग १९६७ पासून आजपर्यंत वापरता येईल. ‘दरड’ हा स्वतंत्र वर्ग मात्र दहाव्या आवृत्तीच्या काळापुरताच वापरावा.

५) ‘म्हातारपण’, ‘अस्पष्ट कारणे’, ‘इतर’ या वर्गांचे एकूणांतील प्रमाण अवश्य नोंदवावे. हे प्रमाण घटले की त्यातून बाहेर पडलेले मृत्यू अन्य रोगांच्या खाती जमा होतात आणि ते रोग वाढल्याचा भास होतो.

६) स्थानिक घटनांसाठी केवळ तक्त्यांवर विसंबू नये. ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद, तहसील कार्यालयातील आपत्तीविषयक अभिलेख आणि वृत्तपत्रे यांच्याशी तो आकडा ताडून पाहावा. वर्गीकरणाने एकत्र केलेले मृत्यू अशा साधनांतून पुन्हा वेगळे करता येतात.

१०. समारोप

वर्गीकरण बदलते याचा अर्थ ते अविश्वसनीय आहे, असा नव्हे. ज्ञान वाढले, नवे रोग आले, उपायांच्या गरजा बदलल्या की वर्ग बदलणे अटळ आणि इष्टही असते. भूकंपबळी आणि दरडबळी वेगळे मोजले जाऊ लागले ही प्रगतीच होय. मात्र या प्रगतीची किंमत म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांची सलगता तुटते. ती तुटल्याची नोंद ठेवणे, हे आकडेवारी वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे.

कोयनेसारख्या लहान प्रदेशात हे कर्तव्य अधिकच महत्त्वाचे ठरते. राष्ट्रीय तक्त्यात दहा-वीस मृत्यू इकडचे तिकडे झाल्याने फारसा फरक पडत नाही. एका खोऱ्याच्या तक्त्यात मात्र तेवढ्याने संपूर्ण चित्र पालटते, आणि त्या चित्रावरून प्रतिविषाचा साठा, रुग्णवाहिका, भूकंपरोधक घरे किंवा वस्तीचे पुनर्वसन यांविषयीचे निर्णय होत असतात. म्हणून विद्यार्थ्याला आलेख काढावयास शिकविताना, हा आकडा कोणत्या आवृत्तीचा आहे आणि त्या आवृत्तीत या नावाखाली काय काय मोजले जात होते, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लावणे आवश्यक आहे.